न बोलणारे बालक : कारंज्याची आख्यायिका आणि मेंदूच्या तरंगांचा इतिहास

वाशीम जिल्ह्यातील कारंजा हे श्रीनृसिंहसरस्वतींचे जन्मस्थान. जन्मतःच ओंकार उच्चारणारे हे बालक सात वर्षांचे होईपर्यंत दुसरा शब्द बोलले नाही, असे ‘गुरुचरित्रा’च्या अकराव्या अध्यायात सांगितले आहे. मातापिता चिंतातुर झाले. कोणी कुलदेवतेची आराधना सुचविली, कोणी रविवारी पिंपळपानावर जेवू घालण्यास सांगितले. मौंजीबंधन होताच बालकाने वेद म्हटले.

या कथेवरून अर्वाचीन रोगनिदान करू पाहणे अशास्त्रीय होय; चरित्रग्रंथ म्हणजे रुग्णपत्रिका नव्हे. शिवाय मुंजीनंतर आपण बोलू, हे बालकाने खुणांनी सुचविल्याचे तेथेच म्हटले आहे, आणि वाणीची उणीव खुणांनी भरून काढणे हेच स्वमग्न बालकास बहुधा साधत नाही. तथापि मूल बोलत नाही म्हणजे भोवतालचा समाज मातापित्यांभोवती कसा गोळा होतो, याचे चित्र त्या अध्यायात स्पष्ट उमटले आहे.

पुढे विसाव्या शतकात शास्त्रानेही आईलाच जबाबदार धरले. १९४३ साली बाल्टिमोर येथे लिओ कॅनर यांनी अकरा बालकांचे वर्णन केले. आठ बोलू लागली, तीन मूकच राहिली. हान्स बर्गर यांनी १९२४ साली मानवी मेंदूच्या विद्युत्-तरंगांचे पहिले आलेखन केले होते. ते साधन कॅनर यांना उपलब्ध होते. एक वगळता सर्वांचे आलेख त्यांना निर्दोष आढळले. त्या एका मुलास पाचव्या वर्षानंतर आकडी येऊ लागली होती. हा धागा मागे पडला आणि आईबापांच्या थंडपणाविषयीची कॅनर यांची निरीक्षणेच गाजली. १९६७ साली ब्रूनो बेटेलहाइम यांनी ती टोकास नेली.

तोवर उलट पुरावा जमू लागला होता. १९६० साली शेन आणि यानेट यांनी पन्नास मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांपैकी बऱ्याच जणांस आकडी येत असे. पुढील पाहणीत काहींना ती किशोरवयात प्रथमच आल्याचे दिसले. आईच्या वागणुकीने आकडी येते, असे म्हणणे कोणासही शक्य नव्हते.

मात्र तरंगांतील दोष आणि मुलाचा विकास यांचा संबंध सरळ नाही. १९५७ साली लान्डाऊ आणि क्लेफ्नर यांनी, बोलणारी मुले आलेखातील विकृतीसह वाणी गमावतात, असे दाखविले. त्यावरून स्वमग्नतेतही विकृत तरंग शमविले तर भाषा परतेल, अशी आशा निर्माण झाली. आकडीवर उपचार आवश्यक आहेतच. परंतु आकडी नसताना केवळ आलेख सुधारल्याने वाणी येते, याला पुरेसा आधार मिळालेला नाही. याउलट १९५६ साली आयझेनबर्ग यांनी नोंदविलेली साधी खूण, पाच वर्षांपर्यंत उपयुक्त बोलणे येणे, भविष्य सांगण्यास पुष्कळ उपयोगी पडली.

भारतात स्वमग्नतेच्या मूल्यमापनासाठी वापरल्या जाणाऱ्या मापनपट्टीत चाळीस बाबी आहेत. त्यांत तरंगालेख नाही. आलेली वाणी गमावणे, खुणांची अडचण, ऐकलेलेच पुन्हा उच्चारणे आणि सर्वनामांची उलटापालट या बाबी मात्र आहेत. शेवटच्या बाबीसंबंधी मराठीत सावधगिरी हवी. मराठी वाक्यात सर्वनाम अनेकदा गळते आणि पुरुष क्रियापदात राहतो. भूक लागलेला मुलगा ‘जेवतोस?’ एवढेच म्हणतो. ‘तू’ हा शब्द तेथे नसतोच. केवळ सर्वनामे मोजणाऱ्या परीक्षकाच्या हातून ही उलटापालट निसटेल.