अंबरपेठेतले कासव

आमच्या धर्माबादेहून हैदराबादेला जायचे म्हणजे लहानपणी मीटरगेजची गाडी आणि काचीगुड्याचे स्टेशन. तेथून सायकलरिक्षा केली की थोड्याच वेळात अंबरपेठ. माझी मावशी तेथे राहते. काका रेल्वेत होते. मराठवाड्यातली कितीतरी घरे याच गाडीने आली आणि याच भागात, स्टेशनाच्या हाकेवर, स्थिरावली. त्या वेळी अंबरपेठेच्या पलीकडे मुसीच्या काठाने जनावरांच्या गवताचे हिरवे मळे दिसत.

मी तिसरी-चौथीत असेन. सुट्टीत गेलो तर अंगणात तुळशीपाशी एक कासव. काळसर पाठीवर पिवळ्या रेघांच्या चांदण्या. काकांनी ते दारावर आलेल्या एका टोपलीवाल्याकडून पाच रुपयांना घेतले होते. त्यांनी त्याचे नाव ठेवले चांदोबा. शेजारच्या तेलुगू घरातली मुले त्याला 'नक्षत्र ताबेलु' म्हणत आणि समोरच्या खाला 'कछुवा'. नावे तीन भाषांतली. पालेभाजी मात्र ते तिन्ही घरांची सारख्याच आवडीने खाई.

काका गेले, अंगण आक्रसले, चांदोबा राहिला. ही जात जपली तर कैक दशके जगते.

मागल्या वर्षी मावशीच्या नातवाचा फोन आला. "काका, मला इग्वाना पाळायचा आहे. परवाना लागतो म्हणतात. तुम्ही अर्ज लिहून द्या." मुख्याध्यापकाचा जन्म अर्ज लिहिण्यातच जातो, तेव्हा मी हो म्हटले. पण अर्ज लिहायचा तर कायदा वाचायला हवा. तो वाचला आणि माझ्या ध्यानात आले, की दक्षिण अमेरिकेतला इग्वाना त्या घरात कागदपत्रांनिशी राहू शकेल; पन्नास वर्षांचा चांदोबा मात्र राहू शकणार नाही.

असे का, हे समजून घ्यायला थोडे मागे जावे लागते.

इंग्रजी अमलात १९१२ साली वन्य पक्षी व प्राणी संरक्षणाचा कायदा झाला. त्याची यादी पाहिली तर मोर-बदके, हरणे, गवे, गेंडे सापडतात. सरपटणाऱ्या प्राण्यांचे नावही नाही. ज्याची शिकार साहेबाला करायची होती, त्याचीच काळजी साहेबाने घेतली. साप मारायचा, कासव खायचे किंवा विकायचे, मगरीचे कातडे काढायचे, हा लोकांचा नित्याचा व्यवहार होता.

स्वतंत्र भारताचा वन्यजीव संरक्षण कायदा आला १९७२ साली. वन्यजीव हा तेव्हा राज्यांचा विषय होता. म्हणून अकरा राज्यांच्या विधिमंडळांनी ठराव करून संसदेला असा कायदा करण्यास सांगितले. त्या अकरांत आंध्र प्रदेश होता. महाराष्ट्र नंतर आला. या कायद्यात प्राण्यांच्या याद्या केल्या, त्यांना अनुसूची म्हणतात. चांदण्यांचे कासव चौथ्या अनुसूचीत होते. या अनुसूचीतल्या प्राण्यांची १९९१ पर्यंत परवाना काढून शिकारही करता येत असे. १९९१ च्या दुरुस्तीने ती वाट बंद झाली. म्हणजे काकांनी पाच रुपये मोजले, तेव्हा टोपलीवाल्याकडे सरकारी कागद असायला हवा होता. तो आमच्यापैकी कोणी विचारला नाही. विचारायचा असतो, हेच ठाऊक नव्हते.

याच सुमारास जगातही एक करार होत होता. मार्च १९७३ मध्ये वॉशिंग्टनला अनेक राष्ट्रांनी धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावर निर्बंध घालण्याचे ठरवले. त्याच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला 'साइट्स' म्हणतात. भारत त्यात १९७६ साली सामील झाला. या कराराने देशाबाहेर जाणारे प्राणी अडले, पण बाहेरून आत येऊन घरात पोहोचलेल्या प्राण्यांचे काय, याचे उत्तर आपल्या कायद्यात बरीच वर्षे नव्हते. १९७२ चा कायदा आपल्या मातीतल्या जिवांचा होता. त्यामुळे आफ्रिकेतला बॉल पायथन किंवा अमेरिकेतला इग्वाना एकदा शहरात आला, की त्याला कोणी विचारत नसे. असे प्राणी ठेवण्याची हौस शहरांतून वाढली ती याच फटीतून.

ती फट बुजवण्याचा पहिला प्रयत्न जून २०२० मध्ये झाला. केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने जाहीर केले, की ज्यांच्याकडे असे परदेशी प्राणी आहेत त्यांनी सहा महिन्यांत स्वतःहून सांगावे. कागद मागितले जाणार नाहीत. पुढे नवा प्राणी आणायचा तर विदेश व्यापार महासंचालनालयाचा परवाना आणि राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांचे ना-हरकत पत्र हवे. मग २०२२ साली मूळ कायदाच दुरुस्त झाला. तो १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. सहा अनुसूचींच्या चार झाल्या आणि चौथी अनुसूची साइट्सच्या प्राण्यांना दिली. फेब्रुवारी २०२४ मध्ये नोंदणीचे नियम आले. पूर्वीपासून प्राणी बाळगणाऱ्यांना सहा महिन्यांची मुदत मिळाली. त्यानंतर घेतलेल्याची माहिती तीस दिवसांत 'परिवेश' या सरकारी संगणकीय व्यवस्थेवर भरायची. इग्वाना आणि बॉल पायथन दोन्ही या यादीत येतात.

आणि चांदोबा? साइट्सने २०१९ साली त्याच्या जातीला सर्वांत कडक अशा पहिल्या परिशिष्टात नेले. आपल्या २०२२ च्या दुरुस्तीने तिला पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंक्तीला बसवले. असा प्राणी घरात ठेवण्याला तीन ते सात वर्षांची कैद आहे. त्याला नोंदणी नाही, परवाना नाही.

आपल्या मराठी मुलखाला हा पेच नवा नाही. सांगली जिल्ह्यातल्या बत्तीस शिराळ्याला नागपंचमीस जिवंत नाग पकडून पूजण्याची चाल होती. मुंबई उच्च न्यायालयाने २००२ साली ती थांबवली. गावाने बरीच वर्षे दाद मागितली. २०२५ साली केंद्राने शिक्षणाच्या आणि पारंपरिक ज्ञानाच्या हेतूने एकवीस नाग पकडण्यास परवानगी दिली. आंध्रात श्रीकाकुळम जिल्ह्यात श्रीकूर्मम् येथे कूर्मावताराचे देऊळ आहे, तेथे हीच चांदण्यांची कासवे देवाची म्हणून सांभाळली जातात. भक्ती आणि माया खरी असते. पण ती कागदाची जागा घेत नाही.

हे सगळे मावशीला सांगायचे काम माझ्यावर आले. तिने वय वर्षे ऐंशीचा आवाज चढवला. "काय बोललालास रे तू? पोटच्या पोरावानी सांभाळलं मी त्याला. मी काय चोरून आणलं का?"

कलम सांगून उपयोग नव्हता. मी तिला एक आकडा सांगितला. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले, की भारतातल्या एकाच भागातून वर्षाला निदान ५५,००० अशी कासवे पकडून नेली जात होती. ती टोपल्यांतून, बॅगांतून परदेशी जातात. आपल्याला इग्वाना परदेशी आणि अपूर्वाईचा, तसे तिकडच्या लोकांना आपले चांदण्यांचे कासव.

मावशी बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "म्हणजे त्या टोपलीवाल्याला पाच रुपये देणारे आपणच की."

मी जन्मभर इतिहास शिकवला. कारणे आणि परिणाम असे दोन रकाने फळ्यावर पाडले. इतके नेमके उत्तर एकाही वर्गात मिळाले नाही.

नातवाने विचारले, मुसीच्या काठी सोडून दिले तर? तेही चालत नाही. वर्षानुवर्षे घरात वाढलेला प्राणी रानात टिकेल याची खात्री नाही, शिवाय त्याच्या अंगचा रोग रानातल्या कासवांना लागू शकतो. अमेरिकेतून आलेल्या लाल कानाच्या कासवांचे तर जगात उदाहरणच झाले आहे. हौसेने आणली, मोठी झाल्यावर तळ्यांत सोडली. आज जगातल्या सर्वांत उपद्रवी शंभर आगंतुक जातींत त्यांची गणना होते.

शेवटी अर्ज मी लिहिला, पण इग्वान्याचा नव्हे. कासव केव्हा आले, कसे आले, काय खाते, सारे खरे लिहिले. वनखात्याची माणसे आली. पंचनामा झाला. कागद तेलुगू-इंग्रजीतला होता, मावशीने खाली सही मराठीत केली. साहेबांनी हळूच विचारले, "अम्मा, त्याचे नाव काय?" मावशीने सांगितले आणि साठ वर्षे बोलत आलेल्या तेलुगूत त्यांना बजावले, की त्याला टमाटे देऊ नका, पालक द्या.

नातवाने अजून इग्वाना घेतलेला नाही. "घेतला तर त्याची पावती आधी बघीन," असे म्हणतो. वाचकहो, आपण सीमेवरची माणसे. कुठला कोण, मूळचा की बाहेरचा, हा प्रश्न आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या विचारला जातो आणि आपण चिडतो. पण मुक्या जिवाच्या बाबतीत हा प्रश्न आपणच विचारायला हवा. हा कुठून आला, कोणी पकडला, याच्या मागे किती मेले? परवान्याचा कागद म्हणजे या प्रश्नाचे लेखी उत्तर.

दिवाळीला अंबरपेठेत गेलो होतो. तुळशीपाशी मावशीने पणती ठेवली होती, आणि शेजारी सवयीने पालकाची दोन पाने.