जवारी (तंतुवाद्य)

जवारी म्हणजे तंबोरा, सतार यांसारख्या तंतुवाद्यांच्या घोडीचा किंचित बाक देऊन घासलेला माथा होय. या माथ्यामुळे तारेतून निघणाऱ्या गुंजनयुक्त ध्वनीलाही जवारी असेच म्हणतात. गायकाच्या गळ्यालाही ‘जवारीदार’ हे विशेषण लावले जाते.

स्वरूप

पृष्ठभागाच्या घडणीचा ध्वनीवर नेहमीच परिणाम होतो असे नाही. ध्वनिक्षेपकाच्या लाकडी पेटीला बाहेरून कितीही झिलई केली तरी आवाजात जाणवण्याजोगा फरक पडत नाही. १००० हर्ट्झ कंप्रतेच्या ध्वनीची हवेतील तरंगलांबी सुमारे ३४ सेंमी. असते, तिच्यापुढे पेटीचा खडबडीतपणा नगण्य ठरतो. जवारीत मात्र कंप पावणारी तार प्रत्यक्ष पृष्ठभागाला स्पर्श करते. व्हायोलिनची तार घोडीच्या अरुंद कडेवर टेकलेली असते. तंबोऱ्याची घोडी रुंद असून तिचा माथा तारेच्या दिशेने हळूहळू उतरत जातो. त्यामुळे कंपनाबरोबर तार माथ्याला टेकते आणि सुटते, व वरच्या स्वरांशांना बळ मिळत राहते. तारेच्या विशिष्ट बिंदूवर छेडले असता काही स्वरांश उमटू नयेत, असा सर्वसाधारण नियम आहे. तंबोऱ्यात ते तरीही स्पष्ट ऐकू येतात, हे चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ साली प्रसिद्ध केलेल्या लेखात दाखवले.

तंबोऱ्यात तार व घोडी यांच्यामध्ये सुताचा धागा सरकवून स्पर्शाची जागा साधतात. सतारीला असा धागा नसतो. तिथे सारी भिस्त घासणीवर असते.

जवारी काढणे

माथ्यासाठी हाड, शिंग किंवा कठीण लाकूड वापरतात. अलीकडे कृत्रिम पदार्थही वापरले जातात. कारागीर कानशीने थोडे घासतो, तार चढवतो, ऐकतो, पुन्हा उतरवतो. मोजमापापेक्षा कानावरच काम चालते. एखादा हात जास्त फिरला तर गुंजन नाहीसे होते आणि सारा बाक पुन्हा उतरवावा लागतो. वादनाने माथ्यावर तारांच्या चऱ्या पडतात, आवाज बिघडतो आणि जवारी नव्याने काढावी लागते. दर वेळी घोडी थोडी झिजते, आणि शेवटी ती बदलावी लागते.

मिरजेची परंपरा

सांगली जिल्ह्यातील मिरज येथे एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेब शिकलगार यांनी तंतुवाद्यनिर्मिती सुरू केली. शस्त्रांना धार व झिलई देणे हा शिकलगारांचा मूळ व्यवसाय. म्हणजे घासकामाचा हात या घराण्यात आधीपासून होता, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. पुढे या कारागिरांना ‘सतारमेकर’ हे आडनाव मिळाले. मिरजेची सतार व तंबोरा यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन प्राप्त झाले. इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्याला घोडीच नसल्याने जवारी काढण्याचा प्रश्नच येत नाही, आणि रियाजासाठी आता तोच सर्रास वापरला जातो.