कच्चं मडकं ते पायरी: नामदेवांचा ‘मी’

हेडफोन लावलेत? चला, आज आमच्या हिंगोलीला जाऊ.

गेल्या महिन्यात ऑफिसात माझ्या कोडचा रिव्ह्यू झाला. सीनियरनं एका फंक्शनखाली लिहिलं, ‘हे अजून कच्चं आहे.’ चारच शब्द. बोट कोडकडे होतं, पण लागलं मला. रात्रभर मनातल्या मनात भांडत होतो. सकाळी चहा घेताना आठवलं, अरे, ही गोष्ट तर आपण लहानपणापासून ऐकलीय!

गोष्ट संत नामदेवांची. हिंगोली जिल्ह्यातलं नरसी हे त्यांचं गाव मानतात. आज ते ‘नरसी नामदेव’ म्हणूनच ओळखलं जातं. परंपरेनुसार त्यांचा काळ १२७० ते १३५०. जात शिंप्याची, जीव विठ्ठलावर.

तर झालं असं. संतमंडळी जमली होती. तेरचे गोरोबाकाका कुंभार तिथे होते. मुक्ताबाईनं त्यांचं थापटणं पाहिलं आणि विचारलं, हे कशासाठी? काका म्हणाले, मडकं कच्चं की पक्कं ते बघायला. मग आमचीही मडकी तपासा की! गोरोबा एकेकाच्या डोक्यावर थापटणं मारत निघाले. बाकीचे गप्प बसले. नामदेव मात्र चिडले. गोरोबांनी निकाल दिला: एवढं मडकं कच्चं.

भाजलेलं मडकं वाजवलं तर खणखणतं, कच्चं बद्द आवाज करतं. कच्च्यात पाणी भरलं तर ते विरघळून परत माती होतं. टपली सगळ्यांना सारखीच बसली, पण नामदेवांना ती डोक्यावर नाही, ‘मी’वर बसली. विठ्ठलाचा लाडका मी, आणि मला कच्चा म्हणता?

इथे एक स्पष्ट सांगतो. महिपतींनी ‘भक्तविजय’ १७६२ मध्ये लिहिला. त्यात या कथा येतात, म्हणजे नामदेवांनंतर चारशे वर्षांनी. त्यामुळे हा काही डोळ्यांदेखतचा पुरावा नाही. पण ‘मी’ म्हणजे काय, याचा विचार आपल्या लोकांनी कसा केला, त्याचा हा पक्का पुरावा आहे.

पुढे नामदेव गुरू शोधत औंढ्याला गेले, म्हणजे आपल्याच जिल्ह्यातल्या औंढा नागनाथला. शाळेच्या सहलीला तुमच्यापैकी बरेच जण गेले असतील. पिंड खाली तळघरात आहे, वाकूनच उतरावं लागतं. तिथे विसोबा खेचर पिंडीवर पाय ठेवून झोपलेले. नामदेव संतापले. विसोबा म्हणाले, बाबा, मी म्हातारा, जिथे देव नाही तिथे माझे पाय उचलून ठेव. नामदेव जिथे पाय ठेवायला जातात, तिथे पिंड! अशीच गोष्ट शीख परंपरेत गुरू नानकांची मक्केतली म्हणून सांगतात.

आता हे मडक्याशी जोडून बघा. वेदांतात जुना दाखला आहे घटाकाशाचा. मडक्यातली पोकळी आणि बाहेरची पोकळी वेगळी वाटते, कारण मध्ये भिंत आहे. मडकं फुटलं तर आतली पोकळी कुठे जाते? कुठेच नाही. ती वेगळी नव्हतीच. देव फक्त पिंडीत आणि ‘मी’ फक्त या कातडीच्या आत, या दोन्ही समजुती एकाच मातीच्या. औंढ्यात दोन्ही एकदम तुटल्या.

मग पक्कं होणं म्हणजे ‘मी’ पुसून टाकणं का? मला तसं वाटत नाही. नामदेव त्यानंतर गप्प नाही बसले. पंजाबात घुमानला त्यांचं स्थान आहे. २०१५ चं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन तिथेच भरलं. गुरू ग्रंथ साहिबमध्ये त्यांची ६१ पदं आहेत. इकडे महाराष्ट्रात नंतरच्या कवींनीही ‘नामा’ या नावानं रचना केल्या. विष्णुदास नामा त्यातलेच. कोणता अभंग मूळ नामदेवांचा, यावर अभ्यासक आजही डोकं खाजवतात. आपण अकाउंटचा पासवर्ड कुणाला देत नाही. या माणसाचं नावच शेकडो वर्षं सगळ्यांसाठी उघडं राहिलं.

पण थांबा, गोष्ट इतकी गोडही नाही. जनाबाई स्वतःच्या नावाबरोबर नामदेवांचं नाव घेतात, तेही त्यांची दासी म्हणून. आणि चोखोबा? त्यांना देवळात पाऊलच टाकू दिलं नाही. ‘मी’ सोडून देणं त्यालाच परवडतं, ज्याचा ‘मी’ आधी कुणी मान्य केलाय. चोखोबांच्या ‘मी’ची हद्द दुसऱ्यांनीच आखली होती.

पंढरपुरात हे एकाच जागी दिसतं. विठ्ठल मंदिराच्या महाद्वाराशी नामदेवांची पायरी आहे. संतांच्या पायाची धूळ लागावी म्हणून त्यांनी ती जागा मागितली, असं म्हणतात. औंढ्यात पिंडीवरचे पाय ज्यांना सहन झाले नाहीत, तेच इथे पायांखाली जायला तयार! आणि समोरच, देवळाबाहेर, चोखोबांची समाधी. नामदेवांनी बाहेरची जागा निवडली, चोखोबांना ती दिली गेली. विठ्ठलाचं दार दलितांना उघडावं म्हणून साने गुरुजींना मे १९४७ मध्ये उपोषण करावं लागलं, तेव्हा कुठे ते उघडलं. ही भिंत ध्यानानं नाही पडली, ती माणसांनी पाडली.

म्हणून मला आता दोन प्रश्न वेगळे ठेवावेसे वाटतात. कुणी टपली मारली की तपासायचं, लागलं ते कामाला की ‘मी’ला? आणि कुणाला तू बाहेरचा म्हणून थांबवलं, तर त्याला अहंकार सोड असा उपदेश करायचा नाही. दार उघडायचं.

ते फंक्शन मी परत लिहिलं. खरंच कच्चं होतं हो!

औंढ्याला गेलात तर उतरताना डोकं सांभाळा. भेटू पुढच्या भागात. राम कृष्ण हरी!