प सा प सा ग प

गेल्या पावसाळ्यात दादाची इलेक्ट्रिक गिटार पेटीतून बाहेर काढली. तो गेल्यापासून ती बंदच होती. कर्जतच्या दमट हवेत तारा गंजल्या होत्या. तारा बदलायच्याच आहेत तर ब्लूज स्लाइडसाठी लावू, असं मनात आलं. पण त्याची गिटार आपण बिघडवतोय की काय, अशी धाकधूकही होती.

मग वाचत गेलो आणि एक गंमत कळली. १९३२ साली बाजारात आलेली रिकनबॅकरची 'फ्राइंग पॅन' ही पहिल्या इलेक्ट्रिक गिटारींपैकी एक. ती होती हवाईयन गिटार! मांडीवर आडवी ठेवून तारांवर पोलादी कांडी फिरवायची. (आमच्या शेजारच्या खोपोलीत टाटांचं वीजकेंद्र १९१५ पासून चालू होतं, पण विजेवर गाणारी गिटार यायला आणखी सतरा वर्षं लागली.) डब्ल्यू. सी. हँडी यांनी तर १९०३ च्या सुमारास मिसिसिपीतल्या टटवायलर स्टेशनवर गाडीची वाट पाहताना एका वादकाला तारांवर सुरी फिरवताना ऐकलं होतं. १९४८ मध्ये मडी वॉटर्सने तोच सूर शिकागोत विजेवर आणला. आपल्याकडे व्हॅन शिपलींनी इलेक्ट्रिक गिटारवर सिनेमाची गाणी वाजवली, आणि १९६७ च्या 'कॉल ऑफ द व्हॅली'त ब्रिजभूषण काबरांनी याच रीतीने राग वाजवले. काचेचा गोळा फिरवून वाजणारी विचित्र वीणा तर आपलीच. थोडक्यात, सगळा खटाटोप मींडेसाठी!

मग भीड चेपली. पहिली तार जाड, १३ नंबरची घेतली. सहावी, पाचवी आणि पहिली तार एकेक सूर उतरवली. झालं 'ओपन जी', आपल्या भाषेत प सा प सा ग प. घोडी थोडी उचलली. वरच्या टोकाच्या नटावर, काहीही न घासता, उंच धातूची पट्टी बसवली. करंगळीत काचेची नळी घातली. ती बरोबर पडद्याच्या तारेवरच थांबवायची, मागची बोटं टेकवून खरखर दाबायची.

पहिला आठवडा नुसता बेसूर! नळीखाली पडदे सांभाळून घेत नाहीत, सूर कानानेच शोधावा लागतो. एका संध्याकाळी मात्र गंधार नीट लागला. स्वयंपाकघरातून आईने विचारलं, "त्याचीच का रे ती?"

"हो," म्हटलं. पट्टीखाली त्याचा नट जसाच्या तसा आहे.