मुंध्रा प्रकरण (१९५७-५८) : मंत्र्याची जबाबदारी आणि सचिवाचा निर्णय

भारतीय राज्यघटनेच्या कलम ७५(३) मध्ये मंत्रिमंडळाची लोकसभेप्रती सामूहिक जबाबदारी नमूद आहे. सचिवाच्या कृतीबद्दल संबंधित मंत्र्याने व्यक्तिशः कितपत उत्तर द्यावे, याविषयी मात्र तेथे काही सांगितलेले नाही. हा प्रश्न ठळकपणे पुढे आला तो मुंध्रा प्रकरणात.

आयुर्विमा महामंडळ १९५६ मध्ये स्थापन झाले. वर्ष उलटण्यापूर्वीच, जून १९५७ मध्ये, महामंडळाने हरिदास मुंध्रा यांच्याशी संबंधित सहा कंपन्यांचे सुमारे सव्वा कोटी रुपयांचे शेअर खरेदी केले. महामंडळाच्या गुंतवणूक समितीला याबाबत विचारलेच गेले नव्हते. विमेदारांच्या पैशाचा हा विनियोग डिसेंबर १९५७ मध्ये लोकसभेत मांडला तो सत्ताधारी पक्षाचेच सदस्य, आणि पंतप्रधानांचे जामात, फिरोज गांधी यांनी.

मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांच्या एकसदस्य आयोगाने मुंबईत खुली चौकशी केली. अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी आणि अर्थखात्याचे प्रधान सचिव एच. एम. पटेल या दोघांच्याही साक्षी झाल्या. व्यवहारास आपली संमती नव्हती, ही मंत्र्यांची भूमिका होती. छागला यांनी ती अमान्य केली आणि सचिवाच्या कृतीची घटनात्मक जबाबदारी मंत्र्याला टाळता येत नाही, असा निष्कर्ष काढला. फेब्रुवारी १९५८ मध्ये कृष्णम्माचारी यांनी राजीनामा दिला.

राज्यशास्त्राची पाठ्यपुस्तके बहुधा येथेच थांबतात. प्रस्तुत लेखकास पुढचा भाग अधिक बोलका वाटतो. पटेल यांची चौकशी न्या. विव्हियन बोस यांच्या मंडळाकडे गेली, त्यावर संघ लोकसेवा आयोगाचे मत घेण्यात आले आणि अंतिम निर्णय शासनानेच केला. म्हणजे मंत्र्याचा न्याय संसदेपुढे झाला, तर सचिवाचा न्याय कार्यकारी यंत्रणेच्या कक्षेत. मंत्र्याने जबाबदारी स्वीकारली की प्रशासनाचे उत्तरदायित्व आपोआप सिद्ध होते, हे गृहीतक म्हणूनच अपुरे ठरते. निर्णय कोणी, कोणाच्या सांगण्यावरून घेतला, हे लोकांना कळले ते राजीनाम्यामुळे नव्हे. अधिकाऱ्यांच्या जाहीर उलटतपासणीमुळे. अशी उलटतपासणी मंत्रिजबाबदारीच्या तत्त्वात कोठेही अंतर्भूत नाही. ती घडली, कारण शासनाने आयोग नेमला.

राजीनाम्याची शिक्षाही चिरस्थायी नव्हती. कृष्णम्माचारी १९६२ मध्ये मंत्रिमंडळात परतले व १९६३ मध्ये पुन्हा अर्थमंत्री झाले. सनदी सेवेतून बाहेर पडलेले पटेल १९७७ मध्ये मोरारजी देसाईंच्या मंत्रिमंडळात त्याच अर्थखात्याचे मंत्री झाले.