वीज आली तेव्हा

रात्री 11.10. समजा, ठाण्यातला फ्लॅट, मुसळधार पाऊस. वीज जाते. 200 लिटरच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीतला वेव्हमेकर, स्किमर, खालचा कॅनिस्टर फिल्टर, सगळं एकदम थांबतं. इन्व्हर्टरवर पंखे आहेत, टाकी नाही. ‘येईल थोड्या वेळात,’ म्हणत घर झोपतं.

12.30. काळजी करायची ती आधी दगडांची. टाकीतला ‘जिवंत दगड’ म्हणजे जीव रुजलेला मृत प्रवाळाचा सांगाडा. त्याच्या पृष्ठभागावरचे जिवाणू माशांनी सोडलेल्या अमोनियाचं नायट्राइट आणि त्याचं नायट्रेट करतात. त्यांना ऑक्सिजन लागतो, आणि तो वाहतं पाणीच आणून देतं. 27 अंशांच्या समुद्राच्या पाण्यात तो मुळात मावतोच लिटरला साडेसहा मिलिग्रॅमच्या आसपास. अंधारात शेवाळही ऑक्सिजन देत नाही, उलट वापरतं.

2.00. अजून सगळं वाचू शकतं. बॅटरीवरचा एअर पंप लावला तर उत्तमच. तो नसेल तर दर थोड्या वेळाने मगाने पाणी उचलून वरून ओतत राहायचं.

3.30. दगडाच्या भोकांतून ब्रिसल वर्म बाहेर येतात. गोगलगायी काच चढून पाण्याच्या कडेला पोचतात, मासे वर येऊन तोंड वासतात. कपारीतला केशरी स्पंज करडा, बुळबुळीत पडायला लागतो. तो कुजतो, उरलासुरला ऑक्सिजन खातो आणि अमोनिया सोडतो.

असा दगड पुन्हा आणणार कुठून? 2001 पासून दगडी प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या परिशिष्ट 1 मध्ये आहेत. समुद्रातून ते काढणं गुन्हा आहे, आणि तसंच असायला हवं. कोरड्या दगडावर हे जीव रुजवायला महिने जातात.

6.20. वीज येते, आणि खरा घात आता होतो. सात तास बंद डब्यात कुजलेलं पाणी कॅनिस्टर थेट टाकीत ओततो. सडक्या अंड्यासारखा वास सुटतो. वीज आल्यावर आधी त्याचाच प्लग काढून तो धुवायला हवा होता. पण घर झोपेत आहे.

7.15. वेव्हमेकर पाणी घुसळतो, रात्रभर साठलेला कार्बन डायऑक्साइड निघून जातो, पीएच पुन्हा चढतो. त्याबरोबर पाण्यातल्या अमोनियाचा विषारी भाग वाढतो. अमोनिया टेस्टच्या नळीतलं पिवळं पाणी हिरवं होतं. निम्मं पाणी ताबडतोब बदलायला हवं, पण तयार खारं पाणी घरात नाही. आता मीठ कालवायला घेतलं तरी ते पाणी टाकीत घालण्याजोगं व्हायला संध्याकाळ होईल.