शाळेचं पुस्तककपाट : कालचं आणि उद्याचं

शाळेच्या ग्रंथालयाचा विषय निघाला की बोलणं लगेच पैशावर येतं. खोली नाही, कपाट नाही, अनुदान नाही. या अडचणी खऱ्या आहेत. पण उद्याची आखणी करायची तर आधी मागचा हिशेब पाहावा, हे शेतकऱ्याला सांगायला नको. पेरणीआधी गेल्या साली कोणत्या रानात काय पिकलं, हे तो आठवतोच. नगर जिल्ह्याच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या रानात ग्रंथांचं पीक फार जुनं आहे.

पहिला मुक्काम नेवाशाचा. शके १२१२ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९० साली, ज्ञानदेवांनी तिथं गीतेवरची टीका सांगितली. ‘सांगितली’ हा शब्द ध्यानात घ्या. ग्रंथ आधी कानी पडला. पुढंही गावोगावच्या देवळांत एकानं पोथी वाचावी आणि दहांनी ऐकावी, अशी रीत राहिली. ज्याला अक्षर येत नव्हतं, त्याच्यापर्यंतही ग्रंथ पोचत होता.

दुसरा मुक्काम नगर शहराचा. १८३८ साली तिथं वाचनालय निघालं. महाराष्ट्रातल्या सर्वांत जुन्या वाचनालयांत त्याची गणना होते. १८४२ साली अमेरिकन मराठी मिशननं याच शहरात ‘ज्ञानोदय’ पत्र सुरू केलं. याच मिशनच्या सिंथिया फरार बाई नगरमध्ये मुलींच्या शाळा चालवीत. त्या शाळा जोतीराव फुल्यांनी पाहिल्या आणि १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढली. म्हणजे एका गावची चांगली शाळा दुसऱ्या गावी शाळा उभी करते. पण अशी वाचनालयं वर्गणीवर चालत, आणि वर्गणी भरणारा वाचक बहुधा शहरातला असे. खेड्यातलं पोर दूरच राहिलं.

ही उणीव भरून काढण्याची युक्ती बडोद्यात निघाली. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा एक मुलगा बडोद्याच्या गादीवर बसला; तेच सयाजीराव गायकवाड. त्यांनी १९१० साली बॉर्डन या अमेरिकी ग्रंथपालाला बोलावून संस्थानभर ग्रंथालयांचं जाळं विणायला घेतलं. पेट्यांत पुस्तकं भरून त्या खेड्यांत धाडल्या जात. वाचकानं ग्रंथाकडे यावं ही जुनी रीत. ग्रंथानं वाचकाकडे जावं, ही नवी.

आणि नगरचा भुईकोट किल्ला? १९४२ च्या ऑगस्टात पंडित नेहरू, मौलाना आझाद, आचार्य नरेंद्र देव वगैरे नेते तिथं कैदेत आले. १९४४ साली पाच महिन्यांत नेहरूंनी ‘द डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिलं आणि ते आपल्या सहकैद्यांना अर्पण केलं. सोबत्यांशी झालेल्या चर्चांचा उपयोग झाल्याचंही त्यांनी नमूद केलं. पुस्तकांइतकीच पुस्तकांवरची बोलणी मोलाची, हा याचा अर्थ.

स्वातंत्र्यानंतर कायदेही झाले. १९६७ साली महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा आला. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानं तर प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावं आणि त्यात वर्तमानपत्रं, मासिकं व गोष्टींची पुस्तकं असावीत, असं सांगितलं. आता कपाट आलं; पण पुष्कळदा त्याला कुलूप लागतं. याचं कारण शिक्षकाचा आळस नव्हे. पुस्तक नोंदवहीत चढतं, आणि हरवलं तर जाब नोंद ठेवणाऱ्याला द्यावा लागतो. मग कुलूपच बरं, असं वाटणं स्वाभाविक आहे. पण न हरवलेलं आणि न वाचलेलं पुस्तक हाही तोटाच, बरं का! फक्त तो नोंदवहीत दिसत नाही.

तेव्हा उद्याची आखणी इथूनच करावी. शाळा व्यवस्थापन समितीनं ठराव करावा, की वाचताना फाटलेल्या वा गहाळ झालेल्या पुस्तकाचा भार एकट्या गुरुजींवर किंवा बाईंवर टाकायचा नाही. तो समिती उचलील. जुनी पुस्तकं रीतसर नोंदीतून कमी करण्याचा एक दिवस दर वर्षी ठरवावा. देवघेवीची वही वरच्या वर्गातल्या मुलामुलींच्या हाती द्यावी. वर्षाअखेरीस किती पुस्तकं शिल्लक, एवढंच विचारू नये. किती पुस्तकं किती हातांत फिरली, हेही विचारावं.

पुस्तकं थोडी असतील तर प्रवरेकडे पाहा. लोणीजवळ छोट्या-छोट्या शेतकऱ्यांनी भाग गोळा करून १९५० साली सहकारी साखर कारखाना सुरू केला. तसंच केंद्रातल्या शाळांनी आपापली पन्नास-पन्नास पुस्तकं पेटीत घालून महिन्या-महिन्यानं फिरवावीत. दहा शाळा असल्या की प्रत्येक मुलापुढं वर्षभरात पाचशे पुस्तकं येतात.

आणि एक गोष्ट विसरू नये. पाथर्डीसारख्या तालुक्यांतून ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांबरोबर पोरंही फडावर जातात. कोयता बांधला जातो तेव्हा त्या गाठोड्यात शाळेची दोन पुस्तकं जाऊ द्यावीत. परत आली तर आनंद. न आली तरी ती कुणाच्या तरी हातात आहेत. संध्याकाळी पालावर एखादी मुलगी मोठ्यानं वाचील, दमलेले आईबाप ऐकतील. नेवाशाची रीत हीच होती. आपल्या गावच्या समितीची पुढची बैठक भरेल तेव्हा कपाटाच्या किल्लीचा विषय पहिला घ्यावा, एवढंच सांगणं आहे.